जुना ट्रक: पहिल्या दाबाला ब्रेक पेडल खाली जातं, धरून ठेवलं की आणखी बसतं

मालवाहू_जुना:

मंडळी, गाडी साधारण पंचवीस वर्षांची, छोटा डिझेल ट्रक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, पायाच्या जोराला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) दोन सर्किटचा, एक पुढच्या चाकांना आणि एक मागच्या. एबीएस नाही. हँडब्रेक केबलचा, मागच्या शूजवरच (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) चालतो.

पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ दोन तृतीयांश खाली जातं, मग ब्रेक धरतो. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि टणक लागतं. हे बऱ्याच दिवसांपासून आहे. ब्रेकच्या पाइपमध्ये हवा असेल म्हणून चारही चाकांची हवा काढली. बुडबुडे काही आले नाहीत, पेडलही सुधारलं नाही. उलट त्यानंतर नवीनच सुरू झालंय: गाडी उभी असताना पाय हलका ठेवून पेडल धरलं की ते हळूहळू खाली सरकतं. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल कमी होत नाही. चाकांच्या आतल्या बाजूला किंवा पाइपवर ओल दिसत नाही.

कोणी म्हणतं मास्टर बदला, कोणी म्हणतं लायनर (शूवरचा घासणारा थर), कोणी बूस्टर. अंदाजाने एकेक भाग बदलत बसायचं नाहीये. काय तपासू, आणि कोणत्या क्रमाने?

पाना_बारा_तेरा:

तुमच्या वर्णनात दोन वेगळे बिघाड आहेत. दोन्ही वेगवेगळे धरा, नाहीतर एक दुरुस्त करून दुसऱ्यामुळे पुन्हा गोंधळ होईल.

दुसऱ्या दाबाला पेडल वर येणं म्हणजे एका दाबात जेवढं ऑइल जातं तेवढ्यात ब्रेक शू ड्रमपर्यंत पोचत नाहीत. शू मागे फिरायच्या आत दुसरा दाब दिला की टाकीतून आणखी ऑइल पुढे जातं आणि अंतर भरून निघतं. याची दोन मुख्य कारणं: मागचे ड्रम ढिले, किंवा लाइनमध्ये हवा. हाताला फरक कळतो. हवा असेल तर दुसऱ्या दाबालाही पेडल दबकं, स्प्रिंगसारखं लागतं. ड्रम ढिले असतील तर वर आलेलं पेडल टणक असतं. तुमचं टणक आहे, म्हणून माझा कल ड्रमकडे.

खात्री करायला काही उघडायची गरज नाही. चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेकने शू आधीच ड्रमला टेकलेले असतात, त्यामुळे पेडल आता बरंच वर थांबलं तर मागची सेटिंग ढिली आहे हे पक्कं. पट्टी घेऊन जमिनीपासून पेडलची उंची दोन्ही वेळा मोजा, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. ज्या ट्रकचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो तिथे ही युक्ती चालत नाही. तुमचा शूजवर आहे म्हणून चालेल.

आता बसणारं पेडल. ही तपासणी इंजिन बंद ठेवून करा. आधी पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा. इंजिन चालू असताना पेडल थोडं खाली जाणं हे बूस्टरच्या मदतीमुळे असू शकतं आणि त्यात बरेच जण फसतात. व्हॅक्यूम संपल्यावर एकदा हलक्या पायाने तीस सेकंद धरा, मग पूर्ण जोर लावून तीस सेकंद धरा. हलक्या पायाला बसतं आणि जोराला थांबतं, असं झालं तर मास्टरच्या आतला रबर कप गेला. कारण साधं आहे: कपची कड ऑइलच्या दाबानेच फुलून सिलिंडरला चिकटते. जोर जास्त असेल तर झिजलेली कडही चिकटते, दाब कमी असेल तर ऑइल तिच्या बाजूने निसटून टाकीकडे परत जातं. म्हणूनच टाकी कमी होत नाही आणि बाहेर कुठे थेंब दिसत नाही.

हे बसणं हवा काढल्यानंतर सुरू झालं, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील आहे. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन ठरावीक अंतरच सरकतो. त्यापुढच्या भागात जुन्या ऑइलमधल्या पाण्याने गंज आणि गाळ बसलेला असतो. हवा काढताना पेडल फळीला टेकेपर्यंत दाबलं की कप पहिल्यांदाच त्या खरखरीत भागावरून घासत जातो आणि कड फाटते. जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा तो यासाठीच. पेडल रोज जिथपर्यंत जातं त्याच्या थोडंच खाली अडेल, एवढ्या जाडीचा ठोकळा घ्या.

मास्टरवर शिक्का मारण्याआधी एक पक्की तपासणी करा. मास्टरमधून निघणारे दोन्ही पाइप सोडा आणि त्या जागी बंद प्लग बसवा. प्लगचे आटे आणि आतल्या टोकाचा आकार तुमच्या पाइपच्या नटसारखाच हवा. इंची आटे आणि मिलिमीटरचे आटे दिसायला जवळपास सारखे असतात, दोन आटे हाताने फिरले नाहीत तर जबरदस्ती करू नका. प्लगमागची हवा निघेपर्यंत ते किंचित ढिले ठेवून पेडल हळू दाबा, दाबलेलं असतानाच घट्ट करा. आता पेडल वरच दगडासारखं थांबायला हवं. तरीही सरकत असेल तर बिघाड मास्टरमध्येच, दुसरीकडे शोधू नका. दगडासारखं थांबलं तर मास्टर निर्दोष, पुढे एकेक सर्किट जोडून बघा.

तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. एक सर्किट कधी सोडेल सांगता येत नाही आणि मालासकट ट्रक थांबवायला अर्धे ब्रेक पुरत नाहीत.

लायनर_आणि_ड्रम:

वरचं सगळं बरोबर. मागच्या ड्रमबद्दल जास्त लिहितो, कारण ड्रमची सेटिंग न बघता मास्टर बदलला जातो आणि पेडल खालीच राहतं, हे फार होतं.

आधी हिशोब बघा. मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, २५.४ मिमी धरा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंमी. मागच्या चाकात शू ढकलणारा व्हील सिलिंडर २२ मिमीचा, क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंमी. दोन चाकांत मिळून चार पिस्टन. झिजेमुळे प्रत्येक पिस्टनला फक्त १ मिमी जास्त सरकावं लागलं तरी दीड घन सेंमी ऑइल जास्त लागतं. त्यासाठी मास्टरचा पिस्टन ३ मिमी जास्त जातो आणि पेडलचा लिव्हर साधारण पाचास एक असेल तर पेडल दीड सेंमी खाली. दोन मिमी झीज म्हणजे तीन सेंमी. मागची सेटिंग किती नाजूक आहे ते यावरून कळेल.

सेटिंग करायला मागचा ॲक्सल घोडीवर (गाडी टेकवायच्या स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नाही, आणि हँडब्रेक पूर्ण सोडा. ड्रममागच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या, खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढलं की आत शू ड्रमच्या जवळ आणणारी दातेरी चाकी दिसते. स्क्रू-ड्रायव्हरने एकेक दात फिरवत चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत घट्ट करा. मग पेडल दोन-तीनदा जोरात दाबा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. चाक पुन्हा फिरायला लागलं तर आणखी घट्ट करा. शेवटी चाक हाताने फिरेल आणि शू किंचित घासल्याचा आवाज जेमतेम येईल इतकंच मागे सोडा. दोन्ही बाजू मोजून सारख्या करा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. आधी केबल ताणून शू जवळ आणणं ही चुकीची पद्धत. त्याने आपोआप सेट होणारी यंत्रणा कामच करत नाही.

आपोआप सेट होणारी चाकी असूनही ड्रम ढिले असतील तर एकदा ड्रम उघडाच. चाकी फिरवणारी पाती गंजून अडकलेली असते, नाहीतर डावी आणि उजवी चाकी अदलाबदल झालेली असते. दोन्हीचे आटे उलट दिशेचे असतात. चुकीच्या बाजूला बसवली तर ती प्रत्येक वेळी घट्ट व्हायच्या ऐवजी सैल होत जाते.

ड्रम उघडला की धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करूनच पुसा. मग व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट बोटाने हळूच उलटा. आत कोरडं किंवा नुसतं दमट असेल तर ठीक. थेंब बाहेर ओघळला तर सिलिंडर गळतोय, बाहेरून बॅकप्लेट कितीही कोरडी दिसली तरी. रिव्हेटवाल्या लायनरला रिव्हेटच्या डोक्यावर किमान १ मिमी लायनर उरलेलं हवं.

नवे लायनर बसवणार असाल तर आणखी एक. ड्रम खराद करून मोठा झालेला असेल तर नव्या लायनरची गोलाई त्याला जुळत नाही, लायनर मध्येच टेकतो आणि टोकं मोकळी राहतात. दाबल्यावर शू वाकतो आणि पेडल हवा असल्यासारखं दबकं लागतं. मग लोक तीन-तीन वेळा हवा काढतात. ड्रमच्या कडेवर कमाल व्यास कोरलेला असतो. व्हर्नियरने मोजा, त्याच्या वर गेला असेल तर ड्रम टाकून द्या.

व्हॅक्यूम_गेज:

बूस्टर म्हणणाऱ्यांसाठी: बूस्टर गेला की पेडल कडक होतं, खाली जात नाही. तपासणी एका मिनिटाची. इंजिन बंद, पेडल पाच-सहा वेळा दाबून व्हॅक्यूम संपवा, पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबा. पहिले दोन-तीन दाब मऊ लागले तर व्हॅक्यूम धरून ठेवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही ठीक. डिझेलमध्ये व्हॅक्यूम वेगळ्या पंपाचा असतो, त्यामुळे पेडल कडक लागलं तरी आधी पंप आणि त्याचा रबरी पाइप बघा, बूस्टर नंतर.

एक मात्र नक्की करा. मास्टर बूस्टरला धरणारे दोन नट सोडा आणि मास्टर पाइपसकट एखादा सेंमी पुढे ओढून मागची बाजू बघा. तिथे ओल असेल तर मागचं सीलही गेलंय आणि ऑइल बूस्टरमध्ये जातंय. अशा वेळी बाहेर थेंब दिसत नाही पण टाकी उतरते. बूस्टरचं रबर ब्रेक ऑइलने खराब होतं, म्हणून आत साचलेलं ऑइल काढल्याशिवाय नवा मास्टर लावू नका.

चाकाखाली:

हवा काढताना दोन गोष्टी निसटतात म्हणून लिहितो.

मागच्या ॲक्सलवर लोडप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते, तर चासी जॅकवर उचलून हवा काढू नका. ॲक्सल खाली लोंबकळतो, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचं ऑइल अडवतो. घोडी ॲक्सलखालीच लावा, म्हणजे दांडी नेहमीच्या जागी राहते.

दुसरं, पुढचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) कधी उघडले असतील तर हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर बदलून बसला की निपल खाली येतं आणि वरची हवा कितीही ऑइल सोडलं तरी निघत नाही.

आणि पेडल फक्त चालवल्यानंतर खाली जात असेल, उभ्या गाडीत ठीक असेल, तर पुढची बेअरिंग ढिली आहे का बघा. चाक डुलतं, डिस्क पॅडला मागे ढकलते आणि पहिला दाब ते अंतर भरण्यात जातो.

मालवाहू_जुना:

सगळ्या तपासण्या केल्या. आकडे देतो.

हँडब्रेक सोडलेला असताना पेडल जमिनीपासून ६ सेंमीवर थांबतं. ओढल्यावर १० सेंमीवर. म्हणजे चार सेंमीचा फरक.

इंजिन बंद, व्हॅक्यूम संपवून: हलक्या पायाला तीस सेकंदांत ३ सेंमी बसलं. पूर्ण जोर लावला तर जागच्या जागी. दोन्ही प्लग लावल्यावरही हलक्या पायाला सरकत होतं. मास्टरच्या मागे ओल नाही. बूस्टर ठीक.

ड्रम उघडले. डाव्या बाजूची दातेरी चाकी गंजून जाम, उजवीकडची फिरते. लायनर अडीच मिमी, बाँडेड (रिव्हेटचे नाहीत, चिकटवलेले) आहेत. बूट उलटले, कोरडे. टाकीच्या झाकणातलं रबर मात्र फुगून वेडंवाकडं झालंय, झाकणात नीट बसत नाही. हे वयामुळे का?

मास्टर किट (नवे रबर कप) टाकून दुरुस्त करू की नवा घेऊ?

पाना_बारा_तेरा:

झाकणाचं रबर फुगलंय हे वाचून थांबलो. वयाने रबर कडक होतं, तडकतं. फुगणं आणि मऊ पडणं म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये कधीतरी खनिज तेल मिसळलंय. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, किंवा सुटे भाग डिझेल-रॉकेलने धुऊन तसेच बसवले तरी पुरतं. ब्रेकचं सगळं रबर ग्लायकॉलवर आधारलेल्या ऑइलसाठी बनलेलं असतं, खनिज तेलात ते फुगतं.

खात्री करून घ्या: टाकीतलं थोडं ऑइल काचेच्या बाटलीत घ्या, तेवढंच पाणी घाला, हलवा आणि ठेवून द्या. ब्रेक ऑइल पाण्यात पूर्ण मिसळतं. वर तेलाचा थर तरंगला तर भेसळ नक्की. तसं असेल तर नुसता मास्टर बदलून भागणार नाही. मास्टर, चारही चाकांचे सील, तिन्ही-चारही रबरी होज, झाकणाचं रबर आणि लोड व्हॉल्व्ह, रबर असलेली प्रत्येक गोष्ट बदलायची आणि लोखंडी पाइप मिथिलेटेड स्पिरिटने धुऊन हवेने कोरडे करायचे. खर्च वाढतो हे खरं, पण आज फुगलेला कप उद्या परत येताना अडकतो आणि ब्रेक चालत्या गाडीत धरून बसतात.

किट की नवा, हे बोअर ठरवतं. पिस्टन काढा, बोअर स्पिरिटने पुसा, उजेडात धरून आत नख फिरवा. नुसता डाग असेल तर चालेल. नखाला खड्डा किंवा चरा लागला तर किट टाकू नका, नवा कपही महिन्याभरात तिथेच फाटेल. पॉलिश पेपर मारून खड्डा घालवायचा प्रयत्न केला तर बोअर मोठा होतो आणि कपची कड पोचत नाही. पंचवीस वर्षांच्या गाडीला मी नवाच घ्या म्हणेन.

नवा मास्टर गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये बसवायच्या कानाला धरून पक्का करा, सिलिंडरच्या अंगाला नाही. दोन्ही तोंडांना छोटे पाइप लावून ते वळवून टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा. बोथट दांड्याने पिस्टन हळू दाबा, हळू सोडा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबा. बुडबुडे येणं पूर्ण बंद होईपर्यंत. हे टाळलं तर मास्टरमध्ये अडकलेली हवा चाकांतून काढता काढता लिटरभर ऑइल जातं.

बसवताना बूस्टरचा पुश रॉड आणि मास्टरचा पिस्टन यांत किंचित मोकळीक हवी. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, बहुतेक ठिकाणी तो एक मिमीच्या आतच असतो. मोकळीक अजिबात नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडचं बारीक भोक कपखाली झाकलेलं राहतं, ऑइल गरम होऊन फुगलं की परत जायला वाट नसते आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. बसवून झाल्यावर झाकण उघडं ठेवून कोणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगा आणि टाकीत बघा. दाबाच्या सुरुवातीलाच ऑइलमध्ये छोटी उसळी दिसली पाहिजे. ती त्या बारीक भोकातून येते. दिसली म्हणजे भोक मोकळं आहे आणि पिस्टन पूर्ण मागे येतोय. डोळे जरा लांब ठेवा, कधी कधी उसळी झाकणाच्याही वर येते.

मग सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढा, मागची दोन आधी, पुढची नंतर. निपलला रिंग पानाच लावा, त्याचं डोकं गोल झालं की पूर्ण सिलिंडर उतरवावा लागतो. पारदर्शक नळी निपलला, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

मालवाहू_जुना:

बाटलीत वर पिवळसर थर आला, बोटभर नाही पण स्पष्ट. म्हणजे सगळंच बदलायचं. मास्टर, व्हील सिलिंडर, कॅलिपर किट, होज सांगून ठेवतो. लोड व्हॉल्व्हचं किट मिळत नाही, पूर्ण व्हॉल्व्ह मिळतो. तो उघडून धुतला तर चालेल का? आणि अडीच मिमीचे लायनर ठेवू का?

लायनर_आणि_ड्रम:

व्हॉल्व्ह पूर्णच घ्या. आतलं रबर फुगलेलं असेल तर धुऊन ते आकाराला येत नाही, आणि तो अडकला तर मागचे ब्रेक एकतर येत नाहीत किंवा रिकाम्या गाडीत चाकं लॉक होतात. जुना काढण्याआधी दांडीची लांबी आणि स्प्रिंगचं भोक मोजून लिहून ठेवा, नवा त्याच मापाला बसवून मग मॅन्युअलप्रमाणे रिकाम्या गाडीवर सेट करा.

लायनरवर ऑइल लागलेलं नसेल तर अडीच मिमी अजून चालतील, पण ड्रम उघडलेलेच आहेत आणि दोन्ही चाक्या साफ करायच्या आहेतच, तेव्हा दोन्ही बाजूंचे एकदम बदलणं सोयीचं. चाकीच्या आट्यांना उष्णता सहन करणारं ब्रेकचं ग्रीस अगदी पातळ लावा, लायनरला हात लागणार नाही असं. नवे लायनर घातले तर पहिले तीन-चारशे किमी झाल्यावर मागची सेटिंग पुन्हा एकदा करा. लायनर ड्रमच्या गोलाईला बसत जातात आणि तेवढ्यात पेडल पुन्हा सेंमीभर खाली येतं. ते झीज किंवा गळती समजून मास्टर परत उघडू नका, आधी तीच हँडब्रेकची तपासणी करून मोजा.